मुंगीला मेंदू असतो का, आणि असला तर त्यात मावतं तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुंगीला खरंच मेंदू असतो का, असला तर एवढ्याशा डोक्यात तो करतो काय, आणि आंब्यावरची ओंबील चावल्यावर ओढून काढली की धड बोटात येतं पण डोकं कातडीला तसंच चिकटून राहतं ते कसं. पहिल्याचं उत्तर हो. उरलेल्या दोनांना जरा वेळ लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा. मी गेली १८ वर्षं मुंग्यांचे मेंदू काढून ते मायक्रोस्कोपखाली बघायचं काम करते, सासूबाई अजून लोकांना "ती किड्यांचं काहीतरी करते" असंच सांगतात आणि त्यात चूक काही नाही.

आधी तो दिसतो कसा ते सांगते. गुळाच्या डब्याभोवती फिरणारा मोठा काळा मुंगळा घ्या, काही भागांत त्याला डोंगळा म्हणतात. त्याला आधी बर्फावर ठेवायचं म्हणजे तो गारठून निपचित पडतो, मग मेणाच्या छोट्या वाटीत डोकं पक्कं बसवायचं, वरून सलाईन ओतायचं आणि ब्लेडच्या बारीक तुकड्याने दोन डोळ्यांच्या मधोमध एक खिडकी कापायची. कवचाचा तुकडा उचलला की मेंदू लगेच दिसेल असं वाटतं, पण नाही दिसत. दिसतात त्या चांदीच्या तारेसारख्या चमकणाऱ्या श्वासनलिका, काही ग्रंथी, आणि दोन्ही बाजूंना स्नायूंचे हे भलेमोठे गठ्ठे, जबडा मिटायचे. डोक्यातली बरीचशी जागा त्या स्नायूंनीच अडवलेली असते. तो पसारा चिमट्याच्या टोकाने हळूहळू बाजूला केला की मग मधे सायीच्या रंगाचा मऊ गोळा दिसतो, साधारण खसखशीच्या दाण्याएवढा, आणि डोळ्यांच्या दिशेला त्याला दोन कान फुटल्यासारखे दिसतात, ते बघण्याचे भाग. साखरेवरच्या बारीक लाल मुंगीचा तर याच्या कितीतरी पट लहान.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मोठ्या कौतुकाने एक गोळा काढला, फिक्स केला, म्हणजे कुजू नये म्हणून रसायनात पक्का केला, तीन दिवस रंगात ठेवला, सरांना स्क्रीनवर दाखवला आणि सर शांतपणे म्हणाले, "जबडा छान आलाय." तो मेंदू नव्हताच, स्नायू होता.

आणखी एक गंमत. रंगवून झाल्यावर मेंदू पारदर्शक करावा लागतो म्हणजे लेझरचा प्रकाश आरपार जातो, त्यासाठी आम्ही जे वापरतो ते मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आजीच्या गुडघ्याला लावायचं गंधपुरा तेल ज्याच्यामुळे वास मारतं तेच. आमची लॅब कायम दुखऱ्या पाठीसारखी वासते.

आता ओंबिलीचं. आपल्याकडे कसं सगळा कारभार डोक्यातून, पाठीचा कणा म्हणजे मुख्यतः केबल, असं आपण धरून चालतो (तेही पूर्ण खरं नाही पण असो). मुंगीत कारभार वाटून दिलेला असतो. डोक्यात अन्ननलिकेच्या वर मुख्य मेंदू, आणि अन्ननलिकेच्या खाली त्याला चिकटलेली दुसरी एक गाठ, म्हणजे मुंगी जे गिळते ते अक्षरशः मेंदूच्या मधल्या भोकातून पोटात जातं. तिथून पुढे पोटाच्या बाजूने, पाठीच्या नव्हे, दोन दोऱ्या मागे जातात आणि त्यांच्यावर ठराविक अंतराने गाठी असतात, छातीतल्या गाठी पाय चालवतात, मागच्या गाठी पोट, नांगी वगैरे सांभाळतात. सहा पाय कुठल्या क्रमाने उचलायचे हे ठरवायला मुख्य मेंदू लागत नाही, ते छातीतल्या गाठी आपापसात बघून घेतात. मेंदू फक्त चल, थांब, इकडे वळ एवढं सांगतो. श्वासही नाकातून नाही, अंगावरच्या छिद्रांतून, त्यामुळे डोकं तुटलं म्हणून लगेच गुदमरायचाही प्रश्न येत नाही.

तर जबडा चालवणाऱ्या नसा निघतात त्या अन्ननलिकेखालच्या गाठीतून, म्हणजे डोक्यातूनच. तुम्ही ओंबील ओढली, मान तुटली, पण जबडा, त्याचे स्नायू आणि त्यांना हुकूम देणारी गाठ, तिघंही डोक्यातच राहिले, म्हणून डोकं आपलं काम करत बसतं. आणि हातातलं धड पाय हलवत राहतं कारण पायांचा मुकादम धडात आहे. दोघांनाही दुसरा गेल्याची खबर नाही. चिमटीने डोकं काढताना मागून ओढू नका, जबड्याच्या बाजूने उचला, नाहीतर टोकं कातडीत मोडून बसतात आणि दोन दिवस खाजवत बसावं लागतं.

ह्याच गाठीची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंढ्यांच्या यकृतात राहणारा एक चपटा कृमी आहे, त्याचं एक पिल्लू मुंगीत वाढतं. अशी मुंगी संध्याकाळी गार पडलं की गवताच्या शेंड्यावर चढते आणि पातं जबड्यात घट्ट धरून बसते, मेंढी आली की गवताबरोबर मुंगीही पोटात. ऊन चढलं की मात्र मुंगी जबडा सोडून खाली येऊन नेहमीच्या कामाला लागते, सकाळी जणू काही झालंच नाही. २०१८ साली अशा मुंग्यांच्या डोक्याचं स्कॅनिंग केलं तेव्हा दिसलं की पोटात पुष्कळ पिल्लं असली तरी डोक्यात चढून ह्याच खालच्या गाठीला टेकून बसलेलं साधारण एखादंच असतं. एवढ्या सगळ्या मेंदूत त्याने नेमकी जबड्याची गाठ शोधली. मला सर्जरी शिकायला सहा महिने लागले.

आणि सापळ्यासारखा जबडा असलेल्या मुंग्या असतात, ओडोंटोमॅकस, आपल्या देशातही सापडतात. त्या जबडा सताड उघडा ठेवून, खटका लावून फिरतात. जबड्याच्या आतल्या बाजूला लांब केस असतात, त्यांना भक्ष्य टेकलं की खटका सुटतो. २००६ साली हाय स्पीड कॅमेऱ्याने मोजलं तर जबडा मिटायला सरासरी ०.१३ मिलिसेकंद लागले, वेग सेकंदाला ३५ ते ६४ मीटर. एवढ्या घाईत वर मेंदूला विचारायला वेळ कुठला, त्या केसांच्या नसा मुंगीच्या मानाने दोरखंडासारख्या जाड असतात आणि थेट खालच्या गाठीत जाऊन जबड्याच्या नसांना भिडतात. ऑफिसात कसं काही फाइली साहेबाकडे जातच नाहीत, तसं.

बरं, मग मुख्य मेंदू करतो काय. आधी आकडा, कारण तो सगळे विचारतात. मुंगीच्या मेंदूत साधारण अडीच लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, तो ढोबळ अंदाज आहे, जातीगणिक बराच फरक पडतो. मधमाशीत दहा लाखांच्या आसपास, माणसात ८६ अब्ज. आणि ते व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, की ४० हजार मुंग्यांचं वारूळ म्हणजे एका माणसाचा मेंदू, त्याचा साधा गुणाकार करून बघा. ४० हजार गुणिले अडीच लाख म्हणजे १० अब्ज होतात, ८६ नाही. माणसाची बरोबरी करायला साडेतीन लाखांच्या आसपास मुंग्या लागतील, आणि तरी ती बरोबरी काही कामाची नाही, कारण दोन मुंग्यांच्या मधे नस नसते, वास असतो. पोत्यात बल्ब भरले म्हणजे वायरिंग होत नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की मेंदू हा पोसायला महाग अवयव आहे. आपला मेंदू वजनाच्या साधारण २ टक्के, आणि काही अगदी बारीक मुंग्यांमधे तो शरीराच्या १५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे प्राणी जेवढा लहान तेवढा मेंदूचा बोजा जास्त. त्यामुळे कुठल्या भागावर खर्च करायचा आणि कुठला भाग आवरता घ्यायचा हा मुंगीसाठी रोजच्या घरखर्चाचा प्रश्न आहे, आणि मेंदू उघडला की तो हिशोब डोळ्याला दिसतो.

सगळ्यात मोठा खर्च वासावर. मिशांमधून येणाऱ्या नसा मेंदूच्या पुढच्या भागात जिथे संपतात तिथे द्राक्षाच्या घडासारख्या गोल गोल गाठी असतात, ढोबळमानाने वास पकडणाऱ्या एकेका प्रकारच्या रिसेप्टरला एकेक गाठ. फळमाशीत त्या ५० च्या आसपास, मुंग्यांच्या बऱ्याच जातींमधे ४०० च्या पुढे. त्या चारशेमधल्या पुष्कळशा एकमेकींच्या अंगावरचा मेणासारखा थर हुंगायला लागतात, ही आपल्या घरची की परकी, राणी की कामकरी, हे सगळं तिथे कळतं. २०१७ साली दोन वेगळ्या गटांनी दोन जातींमधे वासाचं एक मुख्य जनुक बंद करून बघितलं. मुंग्या वारुळात टिकेनात, एकट्याच बाहेर भरकटायला लागल्या, आणि मेंदू उघडला तर ते घडच नीट वाढलेले नव्हते. फळमाशीत तेच जनुक बंद केलं तर गाठी तयार होतात, फक्त वास कळत नाही. मुंगीत खोलीच बांधली जात नाही. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती, खरंच सांगते.

मग मशरूम बॉडी, शब्दशः भूछत्रासारखा आकार, वर वाट्या आणि खाली देठ. १८५० साली द्युजार्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने पहिल्यांदा त्यांचं वर्णन केलं आणि तेव्हाच त्याने ह्यांचा बुद्धीशी संबंध असावा असं म्हटलं होतं. मुंगीत प्रत्येक बाजूला दोन म्हणजे चार वाट्या. वास आणि दृश्य दोन्ही इथे येतं आणि आठवण इथे बसते, कुठल्या झुडपापाशी वळायचं, कुठल्या वासाला खाऊ मिळाला होता. कोवळी मुंगी आधी अंधारात घरकाम करते, मोठी झाली की बाहेर पडते, आणि बाहेर पडायच्या सुमारास ह्या वाट्यांमधल्या जोडण्या बदलतात. नुसता उजेड दाखवला तरी काही बदल होतात.

तिसरा भाग मेंदूच्या अगदी मधोमध, सेंट्रल कॉम्प्लेक्स, हा दिशेचा. ह्यासाठी ट्युनिशियाला जावं लागेल, तिथल्या खाऱ्या मैदानांवर कॅटाग्लिफिस नावाच्या मुंग्या राहतात. वाळू इतकी तापते की वासाची रेघ टिकतच नाही, मग ही बाई एकटीच निघते, शंभर दोनशे मीटर वेडीवाकडी भटकते आणि मेलेला किडा सापडला की सरळ रेषेत घरी. रूडिगर वेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने आयुष्य ह्याच मुंगीवर घातलं. दिशा ती आभाळातल्या ध्रुवीकृत प्रकाशावरून, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशावरून धरते, त्यासाठी डोळ्याच्या वरच्या कडेला खास भाग आहे. आणि अंतर? २००६ सालचा प्रयोग आहे, मला तो सांगायला कितीही वेळा आवडतो. मुंग्यांना घरापासून दहा मीटर चालत जाऊ दिलं, तिथे पकडलं, काहींच्या पायांना डुकराच्या केसाच्या काठ्या चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय छाटून आखूड केले आणि परत सोडलं. काठ्यांवरच्या मुंग्या घर ओलांडून पंधराएक मीटरवर जाऊन घर शोधायला लागल्या, आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबून शोधायला लागल्या. म्हणजे पावलांचा हिशोब चालू होता. पुढच्या फेरीला त्याच काठ्या घालून घरून निघाल्या तेव्हा बरोबर पोचल्या, कारण जातानाही तेवढ्याच ढांगा पडल्या. अमुक पावलं झाली असं ती मनात आकडे म्हणत असेल असं नाही, पण बेरीज कुठेतरी होते आहे एवढं नक्की.

आता माझी लाडकी, जिच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. हार्पेग्नाथोस सॅल्टेटर, उडी मारणारी मुंगी. पश्चिम घाटातली, आपल्याच पट्ट्यातली म्हणा ना, १८५१ साली जर्डन ह्या मद्रासकडच्या इंग्रज डॉक्टरने तिचं वर्णन केलं. मोठे बटबटीत डोळे, लांब चिमट्यासारखा जबडा, आणि चिमट्याने पकडायला गेलात तर टुणकन उडी मारते. इतर मुंग्यांपेक्षा हिला बघण्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते, कारण ती भक्ष्यावर झेप घेते, त्यामुळे तिचे मेंदूतले बघण्याचे भाग चांगले मोठे असतात. जगभरातल्या कित्येक लॅबमधल्या वसाहती १९९० च्या दशकात कर्नाटकातून नेलेल्या मुंग्यांच्याच पणत्या-खापरपणत्या आहेत, आणि २०१० साली सगळ्यात आधी ज्या दोन मुंग्यांचा जीनोम, म्हणजे जनुकांचा अख्खा संच, वाचला त्यात ही एक.

हिची भानगड अशी की राणी मेली की कामकरी आपापसात भांडतात. जबड्याने नाही, मिशांनी. समोरासमोर उभं राहून एकमेकींना मिशांचे फटके मारतात, एक पुढे सरकते दुसरी मागे, मग उलटं, आणि हे कधीकधी महिनाभराहून जास्त चालतं. मी तासन् तास बघितलंय, नळावरच्या भांडणापेक्षा शिस्तीत असतं. ज्या टिकून राहतात त्या अंडी घालायला लागतात, त्यांना गॅमरगेट म्हणतात. राणी नाही, पंख कधी नव्हते, जन्माने साधी कामकरीच, फक्त आता काम वेगळं. बीजांडकोश फुगतात, आयुष्य साधारण सात महिन्यांवरून चार वर्षांपर्यंत लांबतं, आणि मेंदू लहान होतो. थोडाथोडका नाही, जवळपास पाव भागापर्यंत. बघण्याचे भागही आटतात, कारण आता अंधाऱ्या बिळातच बसायचंय, शिकार दुसऱ्या आणून देणार, मग तो महागडा कॅमेरा कशाला पोसायचा. वाचलेलं सगळं अंड्यांकडे.

इथपर्यंत फार आश्चर्य नाही, बऱ्याच जातींच्या राण्याही लग्नाचं उड्डाण झालं, पंख गाळले की मेंदूतला खर्च कमी करतात. पण २०२१ साली क्लिंट पेनिक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबतच्यांनी पुढचा प्रश्न विचारला, की हे उलटं होतं का. गॅमरगेटना रंगाचा ठिपका लावून काही आठवडे वेगळं ठेवलं, त्यांचं अंडी घालणं मंदावलं, मग परत वसाहतीत सोडलं. बाकीच्या कामकऱ्यांनी वास घेतला, ही धड इकडची ना तिकडची हे ओळखलं आणि तिला जबड्यात धरून ठेवलं, चावून मारायला नाही, नुसतं पकडून. त्यानंतर ती कामकरी झाली, शिकारीला जायला लागली, बीजांडकोश आटले, आणि मेंदू उघडून मोजला तर तो परत कामकरीएवढा झालेला. गेलेला मेंदू परत आला. कीटकांमधे असा उलटसुलट बदल त्याआधी कोणी दाखवला नव्हता.

ह्या सगळ्याला मेंदूतली काही रसायनं चालवतात, त्यातलं एक कोराझोनिन. कामकरीत ते भरपूर असतं, अंडी घालणारीत कमी होतं. २०१७ साली ते टोचून बघितलं तर बदलायच्या वाटेवर असलेल्या मुंग्या परत शिकारीकडे वळल्या. हे रसायन आपल्या मेंदूतल्या प्रजननाच्या हार्मोनच्या घराण्यातलंच आहे, लांबचं नातं, पण आहे.

तुम्ही बाजूला विचारलंय की मुंग्या मारायच्या खडूची रेघ ओढल्यावर मुंगी आधी वेड्यासारखी गरगर का फिरते. त्या खडूत पायरेथ्रॉइड जातीचं औषध असतं. नसेत सिग्नल जाताना सोडियमची दारं क्षणभर उघडून मिटतात, हे औषध ती दारं उघडीच धरून ठेवतं, मग एकाच्या जागी पन्नास सिग्नल जातात. ती जी थरथर, पाय झाडणं, उलटं पडणं दिसतं ते हेच, छातीतल्या गाठी बेफाम सुटलेल्या असतात. आपलं शरीर ते औषध लवकर मोडून टाकतं म्हणून आपल्याला तेवढा त्रास होत नाही, तरी खडू ओढल्यावर हात धुवा आणि रांगत्या पोरापासून लांब ठेवा.

आणि ती विचार करते का? माझं मत विचाराल तर "विचार" हा शब्द मी वापरणार नाही, पण "यंत्रासारखी" असंही म्हणणार नाही, कारण यंत्र आपला प्रोसेसर वितळवून त्याची अंडी करत नाही. वाटलं तर एक करून बघा. ओट्यावर रांग लागली असेल तेव्हा लगेच खडू घेऊ नका, मधे बोटभर रुंदीची रेघ ओल्या फडक्याने पुसा आणि भिंग घेऊन पुसलेल्या कडेपाशी बघत बसा. पहिली मुंगी येते आणि थबकते, मिशा दोन्हीकडे हलवते, एखादी मागे वळते, एखादी कडेने चालत वाट शोधते, आणि थोड्या वेळाने एक कुठलीतरी सरळ पलीकडे निघून जाते. ती एकच का, शेजारचीच का नाही, हे मला १८ वर्षांनंतरही सांगता येत नाही, आणि त्यासाठीच सोमवारी परत लॅबला जायचंय.